आरसा बापाच्या उंचीवर: १९८२ च्या गिरणगावातली किशोरवयीन पात्रं मालिकेसाठी कशी लिहावीत

जुन्या काळावरच्या मालिकेत रॉकेलचा स्टोव्ह बरोबर असतो, पत्र्याची ट्रंक बरोबर असते, कॅलेंडरवरचं सालही बरोबर असतं. आणि या सगळ्याच्या मधोमध उभी असलेली पंधरा वर्षांची मुलगी आजची असते. तिच्या भुवया कोरलेल्या असतात हा त्यातला लहान दोष. मोठा दोष हा, की ती स्वतःकडे आजच्यासारखं बघते. आपण कशा दिसतो आणि आपलं कोण, हे दोन प्रश्न प्रत्येक काळातल्या मुलांना पडतात. त्यांची उत्तरं शोधायची साधनं मात्र काळागणिक बदलतात. लेखकाने ती साधनं आधी गोळा करायची आणि भावना नंतर लिहायच्या.

इथे एकच काळ आणि एकच जागा धरू: मुंबईचं गिरणगाव, जून १९८२ ते जून १९८३. म्हणजे एक शालेय वर्ष, तेरा भागांच्या मालिकेला पुरेसं. नंदा नववीत, तिचा भाऊ विलास दहावीत. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि साठच्या आसपास गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मालिकेच्या पहिल्या दिवशी, शाळा उघडते तेव्हा, घरात जवळपास पाच महिने पगार आलेला नाही.

आधी आरसे मोजा

वहीत प्रत्येक मुलाच्या नावाचं एक पान करा आणि लिहा: हे मूल स्वतःला कुठे कुठे बघू शकतं, किती वेळ, आणि कोणाच्या देखत. आजच्या मुलाच्या खिशात आरसा आणि कॅमेरा दोन्ही असतात. नंदाच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांना मिळून एक आरसा आहे. वीतभर, प्लास्टिकच्या चौकटीचा, मोरीजवळ खिळ्याला टांगलेला. तो वडिलांच्या दाढीसाठी आहे, म्हणून वडिलांच्या उंचीवर आहे. नंदाला त्यात बघायचं तर पाटावर उभं राहावं लागतं, आणि पाटावर उभी राहिली की सगळ्या खोलीला कळतं. त्यात चेहरा दिसतो, फार तर गळा. अख्खी नंदा तिने कधी पाहिलेलीच नाही.

मग अख्खं अंग दिसतं कुठे? ज्या नातेवाइकांकडे आरशाचं लोखंडी कपाट आहे तिथे, वर्षातून दोनदा. रेडिमेड कपड्यांच्या दुकानात, घ्यायचं नसेल तर बाहेरूनच, काचेत. विलासला पर्याय जास्त आहेत: पानवाल्याच्या टपरीवरचा आरसा, आणि सलून. सलूनमध्ये समोरासमोर आरसे असतात. स्वतःचा मागून दिसणारा मानेचा भाग मुलगा पहिल्यांदा तिथे पाहतो. हा फरक, की मुलग्याला रस्त्यावर आरसा आहे आणि मुलीला नाही, संवादात कधी सांगू नका. पात्रं कुठे थांबतात आणि कुठून पुढे सरकतात यातून तो दाखवा.

फोटोंचंही असंच. एखादा स्टुडिओतला फोटो, एखादा कोणाच्या तरी लग्नातला, आणि दहावीच्या निरोप समारंभाला वर्गाचा एकत्र फोटो. तो कृष्णधवल, आणि हातात येतो काही दिवसांनी. वर्गाच्या फोटोची प्रत विकत घ्यावी लागते. विलास पैसे भरू शकला नाही, तर तो फोटोत असतो पण फोटो त्याच्याकडे नसतो. हे एवढं एका भागाला पुरतं.

आता न दिसणारे आरसे लिहा. या काळात मुलांना स्वतःचं रूप मुख्यतः दुसऱ्यांच्या तोंडून कळतं. ‘रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस’ हे आई शेजारणीला सांगते आणि नंदा स्टोव्हला पिन मारता मारता ऐकते. गॅलरीतलं टोपणनाव, हजेरीचा नंबर, तुकडी. ‘ड’ तुकडीतलं मूल आपण कोण हे सांगताना तुकडी गाळतं. वयात येणाऱ्या मुलाचा फुटलेला आवाज वर्गात कविता म्हणताना सगळ्यांना ऐकू येतो. प्रत्येक पात्राच्या पानावर अशी पाच वाक्यं लिहून ठेवा, कोण बोलतं त्या नावासकट. त्यांतलं एक वाक्य मूल विसरू शकत नाही. ते कोणतं, हे ठरल्याशिवाय पटकथेला हात घालू नका.

एका खिळ्याचं काम

एखादी वस्तू निवडून तिला वर्षभराचा प्रवास द्यायचा असतो. आपण तो आरसाच घेऊ आणि चार भागांत वापरू.

पहिल्या भागात वडील रोज सकाळी आरशासमोर उभे राहतात. त्या वेळी तिकडे कोणी जात नाही, आणि हे कोणी सांगावंही लागत नाही. चौथ्या भागात ब्लेड पुरवून वापरायची वेळ येते. दाढी दिवसाआड होते, मग चार दिवसांनी. आरसा सकाळचा रिकामा राहू लागतो आणि नंदाला तो पहिल्यांदा सलग मिळतो. ती पाटाशिवाय, टाचा उंच करून बघते. सातव्या भागात एक सकाळ: वडील युनियनच्या मोर्चाला निघाले आहेत, आज दाढी करायचीच आहे. ते आरशासमोर येतात आणि त्यांना हनुवटी दिसते, डोळे दिसत नाहीत. खिळा चार बोटं खाली आला आहे. जुन्या जागी भिंतीला भोक. ते क्षणभर थांबतात, गुडघे किंचित वाकवतात आणि तशीच दाढी करतात. बोलत नाहीत. तेराव्या भागात आरसा कुठल्या उंचीवर आहे, हे तुमच्या कथेने ठरवायचं.

या प्रसंगात संपही आहे आणि नंदाचं मोठं होणंही आहे, आणि दोन्ही एकाच भोकात आहेत. घरातला कर्ता पुरुष आरशासमोरून सरकतो म्हणून मुलीला स्वतःचा चेहरा मिळतो. तिला आनंद होतो आणि त्या आनंदाची लाजही वाटते. असं दुहेरी काही सापडत नसेल तर वस्तू बदला. नुसती जुनी वस्तू दाखवायची म्हणून क्लोजअप घेऊ नका.

कलादिग्दर्शकासाठी टीप: सेटवर त्या भिंतीचे दोन वेगळे फळीचे तुकडे करून ठेवा, एक भोक पाडलेला आणि एक न पाडलेला. चित्रीकरण क्रमाने होणार नाही, आणि लिंपलेलं भोक क्लोजअपमध्ये ओळखू येतं.

आपलं कोण: गोतावळ्यांचा तक्ता

चाळीतलं मूल एकाच वेळी पाच-सहा गोतावळ्यांत असतं: खोली, मजला, चाळ, गाववाले, गणपती मंडळ किंवा व्यायामशाळा, शाळेचा बाक. प्रत्येकासमोर तीन रकाने आखा. आत यायला काय लागतं, बढती कशी मिळते, आणि बाहेर कशामुळे पडतो.

मंडळाचं उदाहरण घ्या. लहान पोरं आधी बांबू आणि सुतळी वाहतात. मग कोणा मोठ्याच्या मागे वर्गणीला फिरतात. एके वर्षी पावतीपुस्तक आपल्या हातात येतं, तो दिवस मुलगा मोठा झाल्याचा. विलासच्या हातात ते ऑगस्ट १९८२ मध्ये येतं, आणि चाळीत वर्गणी द्यायला कोणाकडेच पैसे नाहीत. ज्या बढतीची तीन वर्षं वाट पाहिली, ती मिळाल्यावर दारोदार मान खाली घालायची. नंदाचा मंडळातला वाटा रांगोळी आणि हळदीकुंकवापर्यंत, आणि दहाच्या ठोक्याला घरात.

मजल्यावर बढतीची खूण झोपण्याच्या जागेत असते. मुलाला मिसरूड फुटलं की तो एका रात्री अंथरूण घेऊन गॅलरीत, बाप्यांच्या रांगेत झोपायला जातो. कोणी समारंभ करत नाही. पण त्या रात्री त्याची जागा जिन्याकडे असते की संडासाकडे, यावर पुढची दोन वर्षं ठरतात. मुलीचं उलट: ती मोठी झाली की गॅलरीतला तिचा वेळ कमी होतो. ‘कठड्याला रेलून उभी राहू नकोस’ हे वाक्य तिला पहिल्यांदा ऐकू येतं त्या दिवसाचा प्रसंग नक्की लिहा. पाळीच्या दिवसांत बाजूला बसणं सात माणसांच्या एका खोलीत कसं पाळलं जातं, धुतलेलं कापड कशाखाली वाळत घालतात, हे वेशभूषेच्या माणसाला विचारू नका. त्या काळात अशा खोलीत वाढलेल्या बायकांशी बोला, आणि लेखिका किंवा सहायिका बरोबर घेऊन बोला.

गाववाल्यांचा गोतावळा लेखक विसरतात, आणि गिरणगावात तर तोच पाया. कोकणातल्या, साताऱ्याकडच्या गावांची माणसं एकमेकांना धरून राहायची. पूर्वी मुंबईहून गावी मनीऑर्डर जायची, संपात गावाहून तांदळाचं पोतं येऊ लागलं. ज्या मुलाला सुट्टीत गावी ‘मुंबईवाला’ म्हणून भाव होता, त्याचा तो भाव मे १९८२ मध्ये एका दिवसात उतरतो. (गावी जायला एसटी. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये, त्यामुळे कुडाळच्या फलाटावरचा निरोप लिहू नका.)

तक्त्याचा तिसरा रकाना, बाहेर पडण्याचा, तो सगळ्यांत महत्त्वाचा. संपाच्या वर्षात त्याचं एकच मोठं उत्तर आहे: बाप कामावर परत गेला. काही गिरण्या पोलीस बंदोबस्तात अर्धवट सुरू झाल्या. जे आत गेले ते फितूर ठरले, आणि त्यांच्या घरात आजारी माणूस असो वा नसो, शिक्षा पोरांना झाली. लेखकाने कोणाचाही न्याय करू नये. दोन्हीकडे उपाशी घरं होती.

भावना कशी लिहू नये, कशी लिहावी

समजा नंदाच्या वडिलांनी नोव्हेंबरमध्ये काम धरलं. पहिल्या मसुद्यात हमखास असं येतं:

नंदा: आई, मी कुठलीच नाही गं. मला कोणी आपलं मानत नाही. माझी स्वतःची काही ओळखच नाही.

हे खोटं आहे. १९८२ मधली चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या मनाचा अहवाल देत नाही. घरात तो ऐकायला कोणाला सवडही नाही. ही वाक्यं सल्लागाराच्या खोलीतली, आजची. त्याऐवजी जागेतून लिहा:

शनिवार संध्याकाळ. मजल्यावरच्या एकुलत्या टीव्हीवर मराठी चित्रपट लागला आहे. काकींच्या खोलीत पंधरा-वीस जण. पलंगाच्या पायाशी नंदाची ठरलेली जागा. आज तिथे दुसरी मुलगी बसली आहे. नंदा दारात येते. कोणी ओरडत नाही. कोणी सरकतही नाही.
काकी: अगं ये की आत.
नंदा: (जागेकडे बघत) नको काकी. भात लावायचाय.
ती गॅलरीत भिंतीला टेकून बसते. चित्रपट फक्त ऐकू येतो. आत सगळे हसतात. हसण्यासारखं काय झालं ते तिला दिसत नाही.

वाचणाऱ्याला तिचं एकटेपण समजलं आणि ‘एकटी’ हा शब्द आला नाही. काकी वाईट नाहीत, त्या बोलावतातही. सरकत नाही तो समूह. प्रत्येक भागात ‘आपलं’ आणि ‘परकं’ यांचा एक तरी प्रसंग असा अंतराच्या मापात लिहा: कोण किती सरकलं, पाणी कोणत्या पेल्यातून दिलं, डबा उघडताना हात आडवा धरला का.

शाळेतली तशीच जागा म्हणजे फीमाफीचा, ईबीसीचा (आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीचा) फॉर्म. वर्गशिक्षिका नावं मोठ्याने वाचतात आणि मुलं उठून पुढे जातात. एरवी तीन नावं, संपाच्या वर्षात रांग. विलासला रांगेत उभं राहण्याची लाज वाटते, आणि रांग लांब आहे म्हणून बरंही वाटतं. एवढंच दाखवा आणि पुढच्या प्रसंगाला जा.

तीन भाषा

प्रत्येक मुलाला तीन बोल्या द्या. घरात मालवणी किंवा घाटावरची, वर्गात पुस्तकी, रस्त्यावर मुंबईची मराठी-हिंदी मिसळ. आई विचारते, ‘खय होतंस?’ आणि मुलगा ‘शाळेत होतो’ असं शहरी मराठीत उत्तर देतो. ही ओळख बदलण्याची पहिली खूण आहे. परळचा मुलगा दादरकडच्या शिकवणीला जातो तेव्हा ‘पानी’चं ‘पाणी’ करायला वाक्याआधी अर्धा क्षण थांबतो. तो अर्धा क्षण संवादात तीन टिंबांनी लिहून ठेवा, नाहीतर नट तो गाळेल. ऐन भांडणात मात्र घरची बोली परत येते. संवादलेखक एका बोलीचा जाणकार नसेल तर त्या भागातल्या माणसाकडून प्रत्येक पान वाचून घ्यायचं. मालवणीचा नुसता हेल काढणं म्हणजे त्या मुलाचा दुसऱ्यांदा अपमान.

‘स्पेस’, ‘टेन्शन नको घेऊ’, ‘जज करू नकोस’ असले शब्द शोधून काढा. ‘आईशप्पथ’, ‘च्यायला’ चालतील, पण त्या काळची म्हणून दर वाक्याला शिवी किंवा खास शब्द पेरू नका.

अंगावरचा काळ

युनिफॉर्म. पिनाफोर नेहमी वाढत्या मापाचा शिवलेला, खाली दोन बोटं दुमड. जून १९८२ ला नवा येत नाही, दुमड सोडतात. मग जुन्या घडीची रेघ आणि तिच्याखाली न विटलेला गडद पट्टा दिसतो. वर्गातल्या प्रत्येक मुलीला त्या पट्ट्याचा अर्थ कळतो. हे करायला कापड आधी दुमडूनच पंधरा-वीस वेळा धुवा आणि उन्हात वाळवा, मग दुमड सोडा. रंगाने पट्टा काढला तर तो एकसारखा येतो आणि नाटकातला वाटतो. विलासची फुल पँट बापाची उसवून लहान केलेली द्या, खिसे जरा जास्त मागे गेलेले.

हात. १९६७-६८ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या हातावर देवीच्या लसीचे गोल, खोलगट वण असत. आजच्या नटांच्या हातावर ते नसतात. रंगभूषेसाठी मिळणारं रिजिड कोलोडियन लावलं की त्वचा आत ओढली जाऊन असा वण तयार होतो. आदल्या दिवशी त्याच नटाच्या त्वचेवर लहानशा जागी लावून बघा, लाली आली तर वापरू नका, आणि चेहऱ्यावर तर नाहीच.  मुलगी तो वण झाकायला बाही खाली ओढते, हा तिच्या स्वतःकडे बघण्याचा भाग होऊ शकतो.

केस तेल लावलेले, दोन वेण्या, लाल रिबिनी. मुलांचे कानावर आलेले. चेहऱ्यावरची मुरमं झाकू नका. दात सरळ करणाऱ्या तारा, कोरलेल्या भुवया, व्यायामाने घडवलेले दंड, यातलं काही असेल तर निवडीच्या वेळीच नाही म्हणा. गोरं करणारं क्रीम १९७५ पासून बाजारात होतं, पण संपाच्या घरात ती ट्यूब विकत येत नाही. मैत्रिणीच्या ट्यूबमधलं बोटाच्या टोकाएवढं येतं. मग ते लावायचं की कागदात गुंडाळून ठेवायचं, हा नंदाचा प्रश्न.

बाहेरच्या तारखा मुलांच्या मापाने

तारखांची पट्टी भिंतीवर लावा, पण प्रत्येक तारखेला मुलाच्या बाजूने एक ओळ जोडा. २६ जुलै १९८२: अमिताभ बच्चन बंगळुरूला चित्रीकरणात जखमी. विलास केस त्याच्यासारखे ठेवतो. बाप सहा महिने बेकार असताना त्याला रडू येतं ते नटासाठी, आणि ते त्यालाच कळत नाही. १५ ऑगस्ट: दूरदर्शनचं देशव्यापी रंगीत प्रक्षेपण. चाळीतला संच कृष्णधवलच आहे, तेव्हा नोव्हेंबरमधल्या आशियाई खेळांचे रंग आपल्या मुलांना दिसत नाहीत. शाळेत कोणी त्या रंगांबद्दल बोललं की ती गप्प बसतात. १८ ऑगस्ट: मुंबई पोलिसांचं बंड, शहरात गोंधळ. मुलांसाठी त्याचा अर्थ शाळा आहे की नाही एवढाच. मार्च १९८३: विलासची दहावी. २५ जून १९८३: विश्वचषक.

कुठला कामगार कायदा, कुठली मान्यताप्राप्त युनियन, संपाचे पुढारी दत्ता सामंत काय म्हणाले, हे पोरांच्या तोंडून समजावून देऊ नका. मुलाला संप कळतो तो भोंगा वाजत नाही यातून, आणि बापाच्या केसांत कापसाचे तंतू दिसेनासे होतात यातून.

निवड आणि चित्रीकरण

बावीस वर्षांच्या नटाला शाळेत बसवलं की चेहरा निभावून जातो. मान, मनगटं आणि बसण्याची पद्धत निभावत नाही. खऱ्या वयाची मुलं घ्या, आणि त्याची किंमत आधी मोजा. चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती लागते, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त चित्रीकरण चालत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. म्हणून मुलांचे प्रसंग एका पानात संपणारे लिहा, आणि गर्दीचे प्रसंग मुलांच्या तासांत बसवून बाकीच्यांचे क्लोजअप नंतर घ्या.

दुसरी अडचण वाढीची. सहा महिन्यांत मुलगा दोन-तीन बोटं उंच होतो, आवाज बदलतो. म्हणून खोलीतले प्रसंग शक्य तेवढे कथेच्या क्रमाने चित्रित करा, डबिंग महिन्याच्या महिन्याला उरकून टाका. आणि शाळेतल्या मुलांनाच त्यांच्या शरीरावरून बोलणारे संवाद म्हणायचे असतात हे विसरू नका. ‘काळी’, ‘काडी’ असं ज्याला उद्देशून आहे, त्या मुलाशी आणि पालकांशी आधी वाचन करा, शब्द त्याच्या खऱ्या अंगावर जात असेल तर बदला, आणि ‘कट’ झाल्यावर सेटवर ते टोपणनाव कोणीही वापरायचं नाही असा नियम लावा. युनिटमधली मोठी माणसंच तो मोडतात.

सेटच्या दाराच्या चौकटीला आतून पट्टी चिकटवा आणि दर पंधरा दिवसांनी दोघांची उंची पेन्सिलने, तारखेसह नोंदवा. कंटिन्युइटीच्या माणसाला आरशाचा खिळा कोणत्या भागात किती खाली हवा, ते त्याच पट्टीवरून ठरवता येईल.